पाच नंबरची लाइन

"परत तेच," सिद्धम्मा म्हणाली आणि तिने खुर्ची मागे ढकलली.

पडद्यावर आठ ओळी होत्या आणि आठही ओळींत एकच आकडा होता. मोजमापाच्या टोकाचा, याच्यापुढे काही नाही असा. त्या आकड्यावर विश्वास ठेवला असता तर सहाही गावांच्या नळ्यांमधून महापूर चालला होता, आणि ज्या दोन ओळींना ताराच जोडलेल्या नव्हत्या त्यांच्यातूनसुद्धा.

"लई पानी चाललंय म्हनायचं," पंप ऑपरेटर गुंडप्पा दारातून म्हणाला. "थोडं लातूरला बी सोडा मॅडम. तिथं रेल्वेनं आनून राहिलेत."

सिद्धम्माला हसू आलं नाही. दोन हजार सोळाचा एप्रिल होता, सकाळचे अकरा वाजले होते आणि पंपघराच्या पत्र्याखाली भट्टी पेटल्यासारखं तापलं होतं. ती लातूरहून शिरूर अनंतपाळपर्यंत एसटीने आणि तिथून गुंडप्पाच्या मोटरसायकलवर बसून आली होती. गेल्या तीन आठवड्यांतली ही तिची पाचवी खेप.

सहा गावांची ती पाणी योजना. धरणातला उरलासुरला गाळमिश्रित साठा उपसून, गाळून, सहा लाइनींतून सहा गावांना सोडायचा. प्रत्येक लाइनीवर मीटर, आणि सगळ्या मीटरच्या तारा पंपघरातल्या संगणकात बसवलेल्या एका हिरव्या कार्डाला येऊन मिळालेल्या. विजेच्या झटक्याने जुना संगणक जळाला. कार्ड वाचलं. ऑफिसने नवा संगणक दिला, पण त्याला हे कार्ड ओळखूच येईना. कार्ड बनवणारी कंपनी केव्हाच बंद पडली होती. नवीन यंत्रणा मागवायची फाइल पुढे सरकत नव्हती, कारण त्या दिवसांत वेगळा जिल्हा होणार म्हणून हवा होती आणि जो तो म्हणत होता, नव्या जिल्ह्यालाच घेऊ द्या की नवी यंत्रणा. मीटरचे आकडे नाहीत म्हणून कुणाला किती पाणी गेलं ते कळत नव्हतं, आणि कळत नव्हतं म्हणून रोज पंपघरापुढे भांडण होत होतं. एकदा तर कुऱ्हाड निघाली होती.

तेव्हा उपअभियंता विरूपाक्ष हलगे यांना सिद्धम्मा निटुरेची आठवण झाली. लातूरच्या एका पॉलिटेक्निकमध्ये ती इलेक्ट्रॉनिक्स शिकवायची. तासिका तत्त्वावर. अकरा वर्षं झाली तरी तासिका तत्त्वावरच. हजेरीपत्रकात तिचं नाव पेन्सिलने लिहिलेलं असायचं. पण संगणकाच्या पोटात हात घालायचा तर मॅडमनेच, असं तिचे विद्यार्थी सांगत, आणि त्यातलाच एक हलगे साहेबांचा पुतण्या होता.

"नेमकं अडलंय कुठं?" हलगे साहेबांनी मागच्या खेपेला विचारलं होतं.

"साहेब, कार्डाला स्वतःची मेमरी असते. मीटरचे आकडे तिथं येऊन पडतात. पण आपल्या प्रोग्रॅमला थेट तिथं जाता येत नाही. संगणकाचा जो गाभा असतो ना, कर्नल, तो कुणालाच तसं जाऊ देत नाही. आपण ड्रायव्हर, म्हणजे मधला एक छोटा प्रोग्रॅम, लिहून त्याच्याकडे मागणी करायची, की अमुक पत्त्यापासून एवढी जागा मला दाखव. मग तो ती जागा आपल्या नकाशात बसवतो आणि आपल्याला एक नवा पत्ता देतो. त्या पत्त्यावर वाचलं की कार्डावरचं वाचलं जातं."

"मग मागा की."

"मागितली. मिळाली पण. पत्ता मिळाला, त्या पत्त्यावर कुणी राहतच नाही."

साहेबांनी घड्याळ बघितलं होतं.

आता तिने तिसऱ्यांदा सगळा ड्रायव्हर वरपासून वाचायला घेतला. जागा मागितली आहे. किती, तेही बरोबर आहे. नकाशात बसली आहे. तिथून वाचलं तर सगळीकडे तोच टोकाचा आकडा, म्हणजे पलीकडून कुणी उत्तरच देत नाही. परवा रागाच्या भरात तिने जागेच्या हद्दीबाहेर वाचून बघितलं तर अख्खा संगणक गोठला होता. तारा बदलून झाल्या. कार्ड काढून, खोडरबराने त्याचे पितळी दात पुसून परत बसवलं. घरी आईवर चिडून झालं, वर्गात पोरांवर चिडून झालं. एका साध्या आकड्यासाठी तीन आठवडे! आणि हे कुणाला सांगायचं? पॉलिटेक्निकमध्ये कुणाला यातलं ओ की ठो कळत नव्हतं.

"च्या घ्या मॅडम," गुंडप्पा म्हणाला. "आदी मोटर चालू हाय का बघाया पाहिजे. मी एकदा दोन तास वाल्व फिरवत बसलो आन् मोटरचं बटनच दाबलं न्हवतं."

सिद्धम्माने कप तोंडाला लावला आणि तसाच खाली ठेवला.

कार्डाला जागं केलंच नव्हतं. जुन्या संगणकात ते काम सुरू होतानाच आपोआप होत असे. नव्यात ते ड्रायव्हरने सांगायचं असतं: हे कार्ड चालू कर, याच्या मेमरीचं दार उघड. नकाशा बरोबर होता, दार बंद होतं. एक ओळ. तिने ती एक ओळ लिहिली, ड्रायव्हर परत चढवला, आणि पडद्यावर आठ वेगवेगळे आकडे आले. चार नंबरचा हलत होता. बाहेर चार नंबरच्या लाइनला पाणी चालू होतं.

"आलं!" गुंडप्पाच ओरडला. ती नुसती बघत बसली. तिला आनंदापेक्षा थकवाच जास्त जाणवला.

तेवढ्यात हलगे साहेबांचा फोन आला. उद्या सकाळी कलेक्टर साहेबांकडे टंचाईची बैठक होती. यंत्रणा सुरू झाली असं तिथं सांगता आलं पाहिजे. झालं ना?

"तपासायचं राहिलंय साहेब. एकेक तार सोडवून बघते."

"बघा, बघा. पण आज संपवा."

सिद्धम्माने पर्समधून पेन्सिल सेल काढला. मीटरची तार सोडवायची, त्या जागी सेल लावायचा, पडद्यावर त्याच ओळीत सेलाचा आकडा येतो का बघायचं, तार परत जोडायची. एक नंबर, बरोबर. दोन, बरोबर. तिसऱ्याचा स्क्रू गंजला होता, त्यात पाऊण तास गेला. चार, बरोबर. साडेचारची लातूरची एसटी गाठायची होती. राहिलेल्या चारही जागा तिने एका तारेने एकत्र बांधल्या आणि सेल लावला. चारही ओळींत सेलाचा आकडा आला. चला, झालं. तिने तारा जोडल्या, गुंडप्पाला रोजचा तक्ता कसा छापायचा ते दाखवलं आणि मोटरसायकलवर बसली.

चार एकेक करून आणि चार एकदम. पुढे कितीतरी दिवस तिला हेच आठवत राहणार होतं.

दहाएक दिवसांनी, ती तास संपवून खडूने माखलेले हात पुसत होती तेव्हा साहेबांचा परत फोन आला. आवाजात उत्साह होता.

"मॅडम, तुमच्या यंत्रानं चोर पकडला. पाच नंबरची लाइन, तांबरवाडीची. सकाळी सहा ते आठ त्यांची पाळी, तेवढंच पाणी जायला पाहिजे. तक्त्यात बघा तर दुपारभर थोडं थोडं चालूच आहे. रोज. तिथला वाल्वमन आहे ग्यानोबा म्हणून, चावी त्याच्याकडेच असते. दुसऱ्या गावची माणसं आलीत इथं, लई तापलीत. फक्त तुम्हाला एक विचारायचं होतं. रीडिंग बरोबर आहे ना?"

अकरा वर्षांत तिला असं कुणी विचारलं नव्हतं. तुम्ही म्हणता म्हणजे बरोबर, असा तो आवाज होता.

"हो साहेब," ती म्हणाली. "रीडिंग बरोबर आहे."

ग्यानोबा तिच्याकडे आला तो त्यानंतरच्या सोमवारी. प्रयोगशाळेच्या दाराशी चपला काढून उभा राहिला. पन्नाशीचा, कडक बांध्याचा माणूस, डोक्याला टोपी, अंगातला सदरा धुतलेला पण इस्त्री नसलेला. तिला वाटलं, कुणा विद्यार्थ्याचा बाप असेल.

"मी तांबरवाडीचा ग्यानोबा. वाल्वमन. व्हतो," तो म्हणाला. "मॅडम, तुमचं यंत्र माझं नाव घेतंय म्हनत्यात. म्या पानी चोरलं म्हनून. तुमी त्याला परत एक डाव इचारा की."

"बसा ना."

तो बसला नाही. "पंचायतीनं चावी काढून घेतली. म्या म्हनलं, चावी तर कंबरंलाच असते माझ्या, दुपारी मी घरी असतो, बायकोला इचारा. तर म्हनले, बायको तुझीच हाय की."

सिद्धम्माने त्याला तक्ता दाखवला. सकाळचा उंच डोंगर आणि दुपारभर जमिनीलगत सरकणारी रेघ. "हे बघा दादा. ही पाच नंबरची लाइन. ही रेघ दुपारी शून्यावर यायला पाहिजे. येत नाही. यंत्राला तुमचं नाव माहीत नाही, त्याला फक्त लाइन माहीत आहे. त्याचं कुणाशी वैर नाही."

ग्यानोबाने त्या रेघेकडे खूप वेळ पाहिलं. त्याने बोट पुढे केलं, पण कागदाला लावलं नाही.

"वैर न्हाई, हे खरं हाय," तो म्हणाला. "पन चुकत बी न्हाई का ते?"

"नाही," सिद्धम्मा म्हणाली.

त्याने मान हलवली, चपला घातल्या आणि गेला. तिला थोडं वाईट वाटलं. दुष्काळात माणूस काय काय करतो, असंही वाटलं. मग पुढचा तास होता.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात नांदेडच्या एका कॉलेजात प्रात्यक्षिक परीक्षेला बाहेरची परीक्षक म्हणून ती गेली. स्टेशनवरून ऑटोने पोचेपर्यंतच घामाने भिजली. परीक्षा आटपायला दोन वाजले. गुणपत्रकांवर सह्या होईपर्यंत वेळ होता म्हणून ती प्रयोगशाळेतली जुनी कपाटं बघत फिरत होती. एका काचेआड, धुळीत, तेच हिरवं कार्ड होतं. आणि त्याच्याखाली त्याचं मूळ पुस्तक. हलगे साहेबांनी तिला दिली होती ती याच पुस्तकाची, ऑफिसच्या कपाटातली झेरॉक्स. हे खरं पुस्तक, कंपनीचा शिक्का असलेलं.

तिने सहज उघडलं. कुठल्या मीटरचा आकडा कार्डाच्या मेमरीत कुठल्या जागी पडतो, त्या तक्त्याचं पान. त्या पानावर एक पिवळी पडलेली चिठ्ठी डकवलेली होती, टाइप केलेली, तीन ओळींची. ज्या कार्डाच्या कडेला 'बी' अक्षर छापलेलं असेल, त्यावर पाच आणि सहा यांच्या जागा एकमेकींच्या ठिकाणी आहेत असं समजावं.

पंपघरातल्या कार्डाच्या कडेला बी होतं. खोडरबराने पुसताना तिने ते पाहिलं होतं.

तिने उभ्या उभ्याच गुंडप्पाला फोन लावला.

"गुंडप्पा, पंपघरात आहात का? संगणक चालू आहे? सहा नंबरच्या मीटरची तार सोडवा. पाचची नाही, सहाची. आणि पडद्यावर काय होतं ते सांगा."

"सहाची?" खडखड झाली. स्क्रू फिरल्याचा आवाज आला. गुंडप्पा चालत संगणकापाशी गेला, त्याच्या चपला तिला ऐकू आल्या.

"गुंडप्पा?"

"मॅडम," तो हळू म्हणाला, "पाचचा आकडा झिरो झाला."

कॉलेजचा शिपाई सह्यांचे कागद घेऊन आला तेव्हा ती कपाटाला टेकून उभी होती. त्याने विचारलं, मॅडम, चक्कर आली का, पाणी देऊ का. ती म्हणाली, नको.

पाच आणि सहा, दोघांचीही पाळी सकाळी सहा ते आठच होती. दोन्ही गावं सारख्याच वस्तीची, पाणीही सारखंच जायचं. म्हणून सकाळचे डोंगर उलटेसुलटे झालेले कुणाला कळले नाहीत. आणि दुपारची रेघ सहाची होती, होनमाळच्या लाइनीची.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती आणि गुंडप्पा सहा नंबरचा वाल्व बघायला गेले. तो पूर्ण आवळलेला होता, पण कान लावला तर आत बारीक सूं सूं येत होतं. आतलं गॅस्केट झिजलं होतं. लाइनीच्या कडेने दोन किलोमीटर चालत गेल्यावर नाल्याच्या काठी हवा सोडायचा एक फुटका वाल्व सापडला. तिथून पाणी झिरपत होतं. करपलेल्या माळावर तेवढीच बाभळ हिरवीगार होती आणि खाली चार शेळ्या पाय दुमडून बसल्या होत्या.

"मला वाटलं झरा हाय," गुंडप्पा म्हणाला. "लई दिवसांपून बघतो, ह्या शेळ्या हिकडंच येत्यात."

चोर नव्हताच. होनमाळचाही नव्हता. इंचभर रबर झिजलं होतं, एवढंच. सिद्धम्माला वाटलं, कुणीतरी चोर असता तर बरं झालं असतं.

हलगे साहेबांनी तिचं सगळं ऐकून घेतलं. टेबलावर पंखा होता, पण तो त्यांच्याकडे वळवलेला होता.

"ड्रायव्हर दुरुस्त केला का?"

"केला. दोन आकडे बदलायचे होते. अर्धं मिनिट लागलं."

"मग झालं तर. वाल्व पण बदलून घेतो. उत्तम काम केलं तुम्ही."

"साहेब, ग्यानोबाचं काय?"

"त्याचं काय? तो आमचा नोकर नव्हता. ग्रामपंचायतीचा मानधनावरचा माणूस. त्यांनी ठेवला, त्यांनी काढला."

"तुमच्या अहवालावरून काढला."

"अहवाल वर गेला, मॅडम. कलेक्टर ऑफिसला. त्यावर शाबासकी आली. आता मी लिहू, की आमचं यंत्र उलटं वाचत होतं? उद्या सहाही गावं म्हणतील सगळेच आकडे खोटे. परत कुऱ्हाडी निघतील. तुम्हाला तेच पाहिजे का?"

"मग माझ्या नावानं लिहा. चूक माझी आहे. मी सही करते."

साहेबांनी चष्मा काढला. ते वाईट माणूस नव्हते. त्यांनाही त्या उन्हाळ्यात झोप नव्हती, दिवसभर फोन वाजायचा. "तुमची सही कशी घेऊ? तुम्ही कागदावर कोण आहात? तुमची ऑर्डर नाही, नेमणूक नाही. माझ्या शब्दावर आलात. कागदावर हे काम ऑफिसनंच केलंय." मग चष्मा परत लावत म्हणाले, "नवा जिल्हा झाला तर ही योजना तिकडं जाईल. तेव्हा त्यांना एक अर्ज द्या पाहिजे तर."

ती बाहेर आली आणि ऑफिसच्या पायरीवर उभी राहिली. ओरडावं, काहीतरी फोडावं असं तिला वाटत होतं. अकरा वर्षं पेन्सिलने लिहिलेलं नाव. चूक केली तरी ती आपल्या नावावर लागत नाही!

तशीच ती तांबरवाडीला गेली. सरपंचाने ऐकून घेतलं आणि म्हणाला, वरून कागद आणा, मग ग्रामसभेत वाचू. वरून म्हणजे कुठून, तर हलगे साहेबांकडून.

ग्यानोबाचं घर गावाच्या वरच्या अंगाला होतं. त्याची बायको चांगुणा दारात ज्वारी निवडत बसली होती. सिद्धम्माने आपण कोण ते सांगितलं. चांगुणाचे हात थांबले नाहीत.

"तुमीच का त्या यंत्रवाल्या बाई."

"हो. मावशी, माझी चूक झाली. तुमच्या मालकांनी काही केलेलं नाही."

"ते मला ठावं हाय." चांगुणाने एक खडा वेचून अंगणात फेकला. "म्या सांगितलं व्हतं समद्यांला. दुपारी घरीच असतेत. कुनी ऐकलं? टँकर आला की बाया मला लाइनीत उबं ऱ्हाऊ देत न्हाईत. म्हनत्यात, तुझ्या घरात नदी हाय की, तुला कशाला घागर. शेवटाला थांबते. टँकर संपल्याव मिळंल ते."

"ग्यानोबादादा कुठं आहेत?"

"औशाला. मोंढ्यात. पोती उचलाया." ती आता सिद्धम्माकडे बघत होती. "एकोनीस वर्सं वाल्व फिरवला त्यांनी. एक दिस पाळी चुकली न्हाई. बाप मेला त्या दिवशी बी पानी सोडून मंग मातीला गेले. आन् तुमच्या कागदाव एक रेघ आली."

सिद्धम्माला तहान लागली होती. चांगुणाने पाणी विचारलं नाही आणि तिनेही मागितलं नाही.

घरी आल्यावर तिने वहीचं पान फाडलं आणि लिहायला बसली. आई, बसम्मा, चुलीपाशी भाकरी थापत होती. लिहून झाल्यावर सिद्धम्माने ते मोठ्याने वाचून बघितलं. कार्डाच्या दुसऱ्या आवृत्तीत मेमरीतील स्थानांचा क्रम बदललेला असल्यामुळे ड्रायव्हरमधील नोंदीनुसार होणारे वाचन...

"यव्वा, कसं वाटतंय?"

बसम्माने भाकरी उलटली. "हे कुनासाठी लिवलीस?"

"त्या वाल्वमनसाठी. आणि त्याच्या गावासाठी."

"मला तर काय बी कळलं न्हाई. चूक झाली म्हनतीस, ती हाय कुठं यात? तू झाकून ठिवलीस की तिला."

सिद्धम्मा चिडली. आईला यातलं काय कळतं, असं ओठांवर आलं होतं. मग तिने तो कागद परत वाचला. आठ ओळींत 'मी' हा शब्द एकदाही नव्हता. तिने दुसरं पान फाडलं.

बुधवारी तास बुडवून ती औशाला गेली. मोंढ्यात आवक कमी होती. दुष्काळात कुणाच्या शेतात काय पिकलं होतं? तरी हरभऱ्याचे काही ढीग पडले होते आणि एका आडतीपुढे सौदा चालला होता. ग्यानोबा पोत्यांच्या थप्पीपाशी होता. डोक्यावर टोपीऐवजी पोत्याची खोळ, मानेवर घामाचे ओघळ. त्याने तिला पाहिलं, ओळखलं, आणि खांद्यावरचं पोतं नेऊन थप्पीवर ठेवून मगच तिच्याकडे आला.

"दादा, यंत्र चुकलं होतं," ती म्हणाली. "म्हणजे यंत्र नाही. मी चुकले. सहा नंबरच्या लाइनचं पाणी मी पाचच्या नावावर दाखवत होते. तुम्ही आला होतात तेव्हा मला तपासता आलं असतं. मी तपासलं नाही."

खोळ काढून त्याने तोंड पुसलं.

"मंग सहाचा चोर हाय व्हय?"

"नाही. गॅस्केट गेलं होतं. पाणी नाल्यात जात होतं."

"गॅस्केट." तो हसल्यासारखं करून म्हणाला, "मला सांगितलं असतं तर मी आवाजावून वळखलं असतं. वाल्वला कान लावला की कळतंय."

"हलगे साहेब लिहून द्यायला तयार नाहीत. सरपंच म्हणतात वरून कागद आणा. माझ्याकडं माझा एकटीचाच कागद आहे. त्याच्यावर शिक्का नाही." तिने घडी केलेला कागद पुढे केला. "मी परत पंचायतीत जाईन. चावी परत मिळावी म्हणून..."

"चावी दिली की त्यांनी दुसऱ्याला. त्याला बी लेकरं हायेत." ग्यानोबाने कागद हातात घेतला नाही. हात हरभऱ्याच्या धुळीने भरलेले होते. "मला वाचता येत न्हाई. काय लिवलंय ते वाचून दावा."

सिद्धम्माने घडी उघडली. तिने हळू आवाजात वाचायला सुरुवात केली.

"न्हाई, असं न्हाई," तो म्हणाला. "जरा मोठ्यानं. हितं तांबरवाडीची चार मानसं हायेत. आडत्याला बी ठावं हाय माझ्यावरचं. त्यांला ऐकू जाऊ द्या."

तो वळला आणि हात वर करून ओरडला, "ओ, थांबा जरा! मॅडम वाचून राहिल्यात."

सौदा थांबला. आडत्या कमरेवर हात ठेवून बघू लागला. हमाल पोत्यांवरून उतरले. पंचवीस-तीस माणसं तिच्याकडे बघत होती. वर्गात ती रोज साठ पोरांपुढे बोलत असे, पण इथे तिने कागद दोन्ही हातांनी धरला.

"मी सिद्धम्मा निटुरे, राहणार लातूर," तिने वाचलं. "पंपघरातल्या संगणकाला मीटर जोडायचं काम मी केलं. ते करताना मी पाच आणि सहा नंबरची जागा उलटी धरली. त्यामुळे सहा नंबरच्या लाइनची गळती पाच नंबरवर दिसली. मला विचारलं तेव्हा मी न तपासता बरोबर आहे म्हणाले. तांबरवाडीचे वाल्वमन ग्यानोबा यांनी एक थेंबही पाणी चोरलेलं नाही. चूक माझी आहे."

मागच्या बाजूला एक टेम्पो घरघरत होता. थप्पीपाशी उभ्या असलेल्या एका हमालाने विचारलं, "काय म्हनल्या? आमाला हिकडं आलं न्हाई ऐकू."

ग्यानोबाने सिद्धम्माकडे पाहिलं.

"परत एक डाव," तो म्हणाला.

त्याने हात धोतराला पुसले, खोळ काखेत धरली आणि सरळ उभा राहिला. सिद्धम्माने कागद वर धरला आणि पहिल्या ओळीपासून परत वाचायला सुरुवात केली.